काळा करंट

ला पाझच्या शाळेत आम्हाला एक चक्र दिलं होतं,
गोल, रंगीत, प्लॅस्टिकात मढवलेलं.
त्यात वाईनच्या सगळ्या चवी, कप्प्याकप्प्यांत:
चेरी, चामडं, ओली माती, व्हायोलेटची फुलं,
काळा करंट.
काळा करंट मी कधी खाल्ला नव्हता.
शिकवणाऱ्या बाईंनीही नव्हता, मी विचारलं होतं.
परीक्षेत तो तीनदा लिहिला
आणि वर्गात पहिली आले.

आता सिंतीच्या दरीत उभी आहे.
दोन्हीकडे कडे, भाजल्या विटेसारखे तांबडे,
आणि द्राक्षं कुठेच दिसेनात.
"मान वर कर," कासियानो तोलाबा म्हणाले.

वेली झाडांवर चढलेल्या.
मोयेची झाडं, माणसाच्या तिप्पट उंच,
गुलाबी दाण्यांची, दाणा चावला तर मिरीचा झणका.
तारा नाहीत, खांब नाहीत, रांगा तर नाहीतच.
कुणी लावल्या?
पणजोबांना विचारायला हवं होतं, म्हणाले,
पण तेही म्हणत, पणजोबांना विचारायला हवं होतं.

छाटणीला शिडी लागते.
शिडीवरून पडून धाकटा एलिओदोरो लंगडा झाला.
धाकटा म्हणजे एकाहत्तर वर्षांचा.
कोंबड्यांमागे लंगडत तो म्हणाला,
"वेलीनंच ढकललं. मी तिचा भलताच डोळा छाटला होता."
आणि हसला, जणू
भांडण बायकोशी झालं होतं आणि मिटलंही होतं.

मी स्वेटरमध्ये गुंडाळून आणलेले दोन ग्लास काढले.
कासियानोंनी मडक्यातून वाईन ओतली.
आधी चार थेंब जमिनीवर, पाचामामाला,
टोपी काढून.
मग मला.

मी ग्लास फिरवला, नाक घातलं,
घोट जिभेवर घोळवला, हिरड्यांवरून नेला,
आणि बादलीत थुंकले.

कोंबड्यासुद्धा थांबल्या असाव्यात.
"बरं नाही का वाटत, पोरी?"
तसं नाही, मी म्हटलं, हे असंच करतात.
दिवसाला चाळीस वाईन चाखायच्या
तर शुद्धीत राहायला हवं ना.
"आज किती चाखायच्यात?"

एकच.

ते काही बोलले नाहीत. बादलीकडे मात्र
बराच वेळ बघत राहिले,
मेलेल्या पाखराकडे बघावं तसे.

दुसरा घोट गिळला.
आधी तुरट, कच्च्या केळाच्या सालीसारखं.
मग तो झणका, झाडाचा, वेलीनं उचललेला.
आणि मग, कुठून कोण जाणे,
एल आल्तोची पहाटे पाचची थंडी,
मिनीबसवाल्यांची ओरड,
आणि आईच्या पातेल्यात रटरटणारी आपी,
जांभळ्या मक्याची, लवंग-दालचिनीची,
चवळी-भाताएवढी दाट,
जिच्या वाफेत मी शाळेचे बूट घालायची.
डोळ्यांत पाणी आलं.
मिरीमुळे, मी म्हटलं.

साओ पावलोच्या खरेदीदाराला दोन ओळी पाठवायच्या होत्या.
मी वहीत लिहिलं. एलिओदोरो म्हणाला, वाच.
वाचलं: लाल फळं, मिरी, मध्यम तुरटपणा, लांबणारी चव.
"बास?"
बास.
"आणि माझा पाय?"

आम्ही तिघंही हसलो. पण तो नंतर हसायचा थांबला
आणि उत्तराची वाट बघत उभा राहिला.

मी लिहिलं, पाय.
खोडलं.
त्याच्या खाली लिहिलं, आपी. तेही
अर्धवट खोडलं, वाचता येईल इतपत.

निघताना कासियानोंनी लेबल नसलेली ती वाईन
कोका-कोलाच्या बाटलीत भरून दिली,
झाकण दातांनी घट्ट करून.
घाटात फसफसेल, म्हणाले, मांडीवर धर.
आणि थुंकायचीच असेल
तर निदान माती बघून थुंक.