चौथं पातं

रास अल खैमा, रात्रीचे दोन.
माझी नोकरी म्हणजे ऐकणं.
अठ्ठावीस मीटर खाली, तळाच्या वाळूत
चार हायड्रोफोन पुरलेत,
त्यांच्या तारेचं वरचं टोक माझ्या कानात.

आधी येतात झिंगे.
तडतड, तडतड,
आखाताच्या पोटात रात्रभर कुणीतरी
मोहरीची फोडणी देत बसलेलं असतं.
ती बाजूला सारायची. मग बोटी.

टग घाईचा, धाप लागलेला.
टँकर कानाला उशिरा कळतो,
आधी छातीला.
बंदर अब्बासहून लाकडी धाऊ येते, बकऱ्या घेऊन.
बकऱ्या काही ऐकू येत नाहीत.
मी तरी कान लावतो.

बाबा, धाकू तांडेल, बुरोंडीचे,
वल्हं पाण्यात उभं धरून
मुठीला कान लावायचे.
"घोळ बोलतेय. गप बस."
मी लावला की मला
नुसतं लाकूड ऐकू यायचं.

आज पावणेतीनला वायव्येकडून एक आली.
चार पाती, मिनिटाला ब्याण्णव फेरे.
तीन पाती सरळ चालतात, चौथं लंगडतं.
धप, धप, धप, धक्.
धप, धप, धप, धक्.

पडद्यावर नाव: गोल्डन जास्मिन.
झेंडा कुठल्याशा बेटाचा.
संगणक म्हणतो, नोंद नाही, अनोळखी.

अनोळखी?
अजमानबाहेर नांगरावर एकोणीस महिने
मी हिच्या इंजिनरूममध्ये होतो.
तेव्हा ही निमा-दोन.
मालकानं आधी पगार थांबवला, मग फोन उचलणं,
मग डिझेलची होडी यायची बंद झाली.
रोमेल गळ टाकायचा
आणि लागेल त्या माशाला ट्यूना म्हणायचा.

चौथ्या पात्याचं टोक त्याच्या आधीच गेलेलं,
खोर फक्कानच्या धक्क्याला घासून.
"चालतेय ना? मग चालू दे," मालक म्हणाला होता.

नवा रंग दिला असेल.
जुनं नाव ग्राइंडरनं घासून काढलं असेल.
पाण्याखालचं पातं कोण बघतो!

आणि हे काय, त्या लंगडण्याच्या मागे,
डावा जनरेटर.
फार थरथरायचा, भांडी खाली पडायची,
म्हणून त्याच्या एका पायाखाली मी
बुटाचा तळवा कापून घातला होता.
चार पायांपैकी एक पाय अजून मऊ वाजतो.
कुणी काढला नाही.

आत आता कोण असेल?
पाइपवर पाना आपटून
जेवायला हाक मारतं का कुणी,
दोन लांब, एक तोकडी?

हमद अल शेही कॉफी घेऊन येतो.
विचारतो, काय आहे?
मी हात वर करतो, चक्क मराठीत म्हणतो,
गप बस.
तो बसतो.

नोंदवहीत रकाना: ओळख पटली, होय की नाही.
पेन दोन्हींच्या मधोमध,
आणि पाण्यातून लांब लांब जाणारा
माझ्या उजव्या पायाचा बूट.