कोपऱ्यातला तुकडा

बाहेर पंचेचाळीस.
टबातल्या पाण्यातही तेवढेच ठेवायचे असतात,
म्हणजे मेणाची पट्टी सुरकुत्या सोडून सरळ तरंगते.
मे महिन्यात धंतोलीत हीटर कशाला लावता,
असं बोकडे सर दरवर्षी म्हणतात
आणि आम्ही दरवर्षी हसतो.
ब्लॉक मात्र बर्फावर. बर्फ बर्डीवरून येतो,
निम्मा वाटेत संपतो.

छबू नन्नावरे, एकोणचाळीस, भिवापूर.
मिरचीच्या सातऱ्यावर देठ खुडते, भाऊ म्हणाला.
त्यानं बरणी एसटीत मांडीवर धरून आणली,
झाकणावर रुमाल, रुमालाला गाठ,
जशी बहिणीच्या घरून लोणच्याची आणावी.
"कलर आला का जी?"
कालपासून चौथ्यांदा.
इथं पॉझिटिव्ह आलेलं बरं असतं
एवढं त्याला कुणीतरी सांगितलंय.
तपकिरी म्हणजे गोळीला धरायला जागा आहे.
निळं म्हणजे नाही.

प्रत्येक काचेवर दोन तुकडे असतात.
मोठा पेशंटचा.
कोपऱ्यात एक बारका, मसुरीएवढा,
आमच्याकडचा, तिन्ही तपासण्यांना रंगणारा.
तो रंगला तरच शेजारचं खरं.
कित्येक वर्षं मी एकच ब्लॉक कापतेय: आठशे एक्क्याऐंशी.
एकदा जुनं रजिस्टर काढून नाव पाहिलं.
पाहायचं नसतं.
अनसूया पंचभाई, बावन्न, लाकडीपूल.
पुढं काय झालं, त्याला रजिस्टरात रकाना नाही.
बाई, तुझा केवढासा तुकडा,
तीन-तीन मायक्रॉननी उतरवत
आर्वीच्या, गोंदियाच्या, छिंदवाड्याच्या बायकांशेजारी
बसवत आलेय मी,
साक्षीला.

कुकरच्या शिट्ट्या झाल्या. थेंब टाकले, धुतले,
पुन्हा टाकले, पुन्हा धुतले.
सहाला काच भिंगाखाली.

इआर निळं.
पीआर निळं.
हर-टू, तेही.

तेव्हा मी एक करू नये ती गोष्ट केली.
काच कोपऱ्याकडे सरकवता सरकवता
मनात म्हटलं, आज नको रंगू गं, अनसूया.
एकदाच गप्प राहा.
म्हणजे अँटिबॉडी शिळी होती, दुपारी लाईट गेली होती,
चूक माझी,
उद्या पुन्हा लावू.

ती रंगली होती.
तिन्ही काचांवर, कडक चहासारखी.
केंद्रकं भरून, आणि हर-टूला
एकेका पेशीची कड गिरवल्यासारखी.
तिला खोटं बोलताच येत नाही,
म्हणून तर तिला निवडलं होतं.

काउंटरवर तो उभा.
रिपोर्ट उद्या, डॉक्टरच सांगतील, म्हटलं.
"हो जी. पण कलर आला नं?"
मी बर्फाचं पाणी मोरीत ओतत होते,
ऐकू आलं नाही असं केलं.
"बरं, बरणी तरी वापस भेटन का? शेजारच्यांची हाय."

बरणी देता येत नाही.

आठशे एक्क्याऐंशीत आता
पंधरा-वीस काप उरले असतील.
बोकडे सरांना सांगायला हवं.