दोनशे केबी

परसोडीच्या आयटी पार्कात, तिसऱ्या मजल्यावर,
मी एक चौकट आखलेली आहे.
वसतिगृहाच्या अर्जातला सोळावा रकाना:
दाखला जोडा.
प्रकार, फक्त पीडीएफ.
कमाल आकार, दोनशे केबी.
दोनशेच का, ते कुणी विचारलं नाही.
मागच्या फॉर्मात दोनशे होतं,
त्याच्या मागच्यातही.

बाहेर सेहेचाळीस अंश,
आत एसीपायी स्वेटर घालून बसलेले आम्ही.
चार वाजता मदतीच्या नंबरावरचा फोन
फिरत फिरत माझ्या टेबलावर येतो.
आचल निनावे, तांडापेठ.
"सर, लाल रंगात 'अवैध' येऊन राहिलं.
माझा दाखला अवैध आहे का?"

नाही गं, फाइल.
फाइल अवैध आहे.

"पण फाइलीत दाखलाच तर आहे."

आजोबांच्या शाळेचा. एकोणीसशे त्रेपन्न.
घडीवर फाटलेला, शाई चहासारखी झालेली.
गोळीबार चौकातल्या नेट कॅफेवाल्यानं
दहा रुपयांत दाबून दाबून
बसवला दोनशेत.
आता शाळेचा शिक्का दिसतो,
जात वाचता येत नाही.
"बिना दाबलेला तुमचा फॉर्म घेत नाही,
दाबलेला साहेब घेणार नाही.
काय करू मंग?"

मी सेटिंग उघडतो.
दोनशे खोडून पाच हजार लिहायला
एक श्वासही लागत नाही.
सर्व्हर भरेल म्हणून सोमवारी कुणी ओरडेल,
ओरडू दे.
जेपीजीपुढे खूण करतो.
मग त्या लाल शब्दाशी येतो.
मीच लिहिला होता तो,
डबा उघडायच्या घाईत.
पुसतो. लिहितो:
फाइल थोडी मोठी आहे. तुमचा दाखला बरोबरच असेल.
दुसरं वाक्य खोडतो.
ते सांगणारा मी कोण?
परत लिहितो.

"सर, आहात का?"

आहे. आता टाकून पाहा.

तिच्या बाजूनं कुलरची घरघर,
कुणीतरी विचारतं, झालं का वं?
"थांब ना आई, फिरून राहिलं."
माझ्या पडद्यावर काहीच उमटत नाही.

"सर, परत लाल."

फाइलीला नाव काय दिलंस?

"आबाजी शाळा दाबू नका.
कॅफेवाल्यासाठी लिहिलं होतं."

फाइलीच्या नावात मराठी अक्षर चालणार नाही,
ही अटही माझीच.
थांब, म्हणतो,
ठेवू नको फोन.