लावलेत

प्रयागबाई पुढच्या सीटवर होत्या,
मागे चंदनसावरगावची पोरगी, कळा येत असलेली,
आणि तिची सासू, जी एकही शब्द बोलत नव्हती.
होळच्या अलीकडे प्रयागबाई म्हणाल्या,
दिवे लावा की ओ.
मी म्हणालो, लावलेत.

मग अंबाजोगाईपर्यंत कुणीच बोललं नाही.
उसाची ट्रॉली आडवी आली ती दिसलीच नव्हती,
आधी तिचा वास आला होता.
पोरगा झाला. भाडं मिळालं, वर बर्फीचा तुकडा.
पण माझं ते ‘लावलेत’
परतताना शेजारच्या सीटवर बसून
केजपर्यंत आलं.

आज रविवार. टँकर बुधवारी.
कोरडं घासलं की चरे पडतात,
म्हणून गुत्तेदाराच्या घरच्या फिल्टरचं
नळीतून वाया जाणारं पाणी
दोन बादल्या मागून आणलं.
कागद मुज्तबाभाई पेंटरनं दिले:
आठशे, बाराशे, दोन हजार.
नंबर वाढंल तसा हात हलका,
एवढीच शिकवणी, एका चहावर.

चिकटपट्टी लावली कडेनं, रंगाला धक्का नको.
कंपनीनं दिलेलं कातडं आधीच सुटलं होतं,
नखानं ओढलं की पापुद्रा हातात,
जणू उन्हानं सोललेली पाठ.
उजवा जास्त गेलेला.
गाडी दक्षिणेला तोंड करून उभी असते, दुसरी जागा नाही,
रस्ता रुंद झाला तेव्हा लिंब गेला
आणि तेव्हापासून चारचं ऊन
सरळ उजव्या दिव्यावर.
मावशी म्हणायची, दक्षिणेला तोंड नको, अशुभ.
अशुभ नाही मावशी, प्लास्टिक.

दिवाळीत टूथपेस्ट लावून पाहिली होती.
भाऊबीजेला बहीण म्हणाली, नवी घेतली का काय?
संक्रांतीला पुन्हा पिवळे.
काही घरांत पाहुण्यांपुरतं हसू असतं, तसं झालं ते.

घासताना दूध निघतं.
पिवळट, मग पांढरं,
आणि मधे एक वेळ अशी येते
की दिवा होता त्याहून वाईट दिसतो,
ठार आंधळा,
वाटतं, हात लावायलाच नको होता.
लोक नेमके तेव्हाच येतात.
पोस्टातले उत्तरेश्वरराव थांबले: मोतीबिंदू का?
दूधवाला: मोतीबिंदू काढायलाव का?
क्लासची दोन पोरं, त्यांनाही तेच सुचलं.
मी मान हलवत राहिलो.

अण्णा असते तर तेही थांबले असते
कमरेवर हात ठेवून:
काय दिवे लावलेस रे.
बारावीला गचकलो तेव्हा म्हणाले,
कर्ज काढून गाडी आणली तेव्हा म्हणाले,
दवाखान्यात नळी नाकात असताना
नुसत्या भुवईनं म्हणाले.
मला कधीच उत्तर सुचलं नाही.

दोन हजारचा कागद.
हा खरवडत नाही, नुसता हात फिरवतो.
फडक्यानं पुसलं आणि आत बल्ब दिसला,
शेजारी एक किडा, मेलेला, पाय वर,
कधी शिरला कोण जाणे.
वरून स्प्रे मारला,
नाही मारला तर चार महिन्यांत पुन्हा येरे माझ्या मागल्या.
डावा राहिला.
दोन्ही बादल्या उजव्यालाच गेल्या.

साडेसातला समोरच्या भिंतीवर टाकून पाहिले.
डावीकडे हळदीचं पाणी.
उजवीकडे भिंत:
चुन्याखालून सरकीच्या जाहिरातीचं अर्धं अक्षर,
त्याच्यावर पाल, पालीची सावली,
सावलीची बोटंसुद्धा.

किती वेळ बघत बसलो, बॅटरी उतरेल हे विसरून.

फोन. प्रयागबाई.
तांबव्याला यायचंय, पहिलटकरीण हाय, येताव का?
येतो.
दिवे लागतेत का आता?
एक लागतो, मी म्हणालो.
डावा बुधवारी. टँकर आला की.