पंचवीसची जुडी

भूदेवीला मोजावं लागत नाही.
मांडीवर सूप, सुपात तंबाखू,
शेजारणीशी तेलुगूत भांडण चालू,
आणि पंचविसावी विडी वळून झाली
की दोरा आपोआप फिरतो.
हजार म्हणजे चाळीस जुड्या.
बावीस वर्षांत तिच्या एकोणचाळीस कधी झाल्या नाहीत.

मी अक्कलकोट रोडला, टॉवेलच्या कारखान्यात.
माझं काम डोळ्यांचं.
दिव्यावरून कापड सरकतं,
तुटलेली तार दिसली की खडूची खूण करायची.

कूलरचं ठरलं त्याला तीन उन्हाळे झाले.
अशोक चौकातल्या दुकानात भावही केला,
सहा हजार दोनशे.
दुकानदार म्हणाला, हप्त्यावर न्या की काका.
मी म्हणालो, नको, रोखीनं नेतो. दिवाळी होऊ दे.
कुठली दिवाळी, ते त्यानं विचारलं नाही.

तेव्हापासून बिस्किटांचा पत्र्याचा डबा देवामागं.
त्यात टाकायचो. खरंच टाकायचो.
काढायचोही, पण ते काढणं वाटायचंच नाही,
दहाची नोट काय, एवढ्यानं काय होतंय बे,
असं गेटवर मल्लेशम म्हणायचा
आणि मी दोन चहा सांगायचो.

आता तर नोटही लागत नाही.
फोन पुढं केला की टपरीवरची पेटी बोलते,
दहा रुपये प्राप्त झाले.
माझ्याकडून काही मिळालं म्हणून
इतक्या गोड आवाजात
आजवर कुणी बोललं नव्हतं.

एका पहिल्या तारखेपासून भूदेवी विचारायला लागली,
आज किती?
दोन चहा, मी म्हणायचो. एक मावा.
ती कातरलेल्या पानांतले तीन तुकडे उचलायची,
गुंडाळायची, बाजूला ठेवायची.
ना रागावणं, ना उसासा.
मला वाटलं, गंमत चाललीय.

महिनाअखेरीला तिनं फरशीवर मांडलं.
चहाच्या दोन जुड्या, वर दोन सुट्या.
माव्याची एक जुडी, वर एक सुटी.
मोजा की, म्हणाली.
एक हजार चाळीस.
वर्षाचे बाराने गुणले मी, पुन्हा गुणले.
दोन कूलर. शिवाय ऐंशी रुपये उरतात,
आठ चहांचे.

मग तिनं पदराखालून आणखी एक जुडी काढली,
निळ्या दोऱ्याची. ही माझी.
शुक्रवारचा गजरा, शाम्पूच्या पुड्या,
नव्या पेठेतल्या टिकल्या,
पोराचं पाच रुपयांचं कुरकुरीत काहीतरी,
ते त्याच्या नावानं आणायचं
आणि अर्धं आपण खायचं.
सांगताना ती हसली,
मग हसणं अर्ध्यावर ठेवून दोरा सोडायला लागली.

विडी कारखान्यात तिची रोज मूठभर छाट निघते.
पान फाटकं, वळण सैल, म्हणून बाजूला.
त्याचे पैसे मिळत नाहीत.
आमची छाट कुणी काढायची?
गजरा काढ, असं माझ्या तोंडून निघेना.
चहा सोडा, असं तीही म्हणाली नाही.

मावा मात्र सुटला. चहा एकच केला.
दुसऱ्या चहाच्या वेळी गेटवर नुसता उभा राहतो;
मल्लेशम पितो, मी बोलतो.
हातात कप नसला
की बोलणं लवकर संपतं.

डब्यात आज दोन हजार तीनशे दहा.
मे लागला. पंखा गरम हवा ढवळतोय.
कारखान्यातला रिजेक्ट टॉवेल
भिजवून खिडकीला बांधलाय.
वरपासून खालपर्यंत एक तार गेलेली,
कोपऱ्यात माझ्याच खडूची खूण.
वारा येतो तो तेवढ्याच फटीतून,
थोडासा.

झोपा आता, भूदेवी म्हणते.
मी अंधारात बोटांवर मोजतोय,
उद्याचा, परवाचा, तेरवाचा.
तेवीस. चोवीस.
पुढं दोरा लागतो,
तो तिच्याकडं.