उसना दशक

दुसरी ब, शिवडी. जिना चढून तिसरा मजला.
फळ्यावर मी लिहिते:
झाडावर बावीस पेरू होते. सात पडले. उरले किती?
ऋग्वेद सकपाळ उभा राहतो:
बाई, कुठलं झाड?

चांगला प्रश्न आहे. मी हेच तर सांगत आले
वीस वर्षं: आधी वाचा, मग डोळे मिटा,
दिसतंय का काही? नसेल दिसत, तर पुन्हा वाचा.
पण पोरांना शिकवणीच्या सरांनी
सोपं करून दिलंय:
'एकूण' दिसलं की अधिक,
'उरले' दिसलं की वजा,
आणि 'जास्त' म्हणजे अधिकच, बाई, नेहमी.

म्हणून एकदा मुद्दाम घातलं,
तन्वीरकडे नऊ गोट्या आहेत,
त्या यज्ञेशपेक्षा चारने जास्त. यज्ञेशकडे किती?
सगळ्या वह्यांत तेरा.
सुवाच्य अक्षरात, खाली दोन रेघा मारून तेरा.

मग दोघांना पुढे बोलावलं.
फरशीवर खऱ्या गोट्या, समोरासमोर जोड्या.
यज्ञेशच्या पाचावर संपल्या.
तन्वीरच्या चार तशाच राहिल्या, बिनजोडीच्या.
वर्ग गप्प.
आणि मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, अय्या!
त्या एका 'अय्या'चाच मी पगार घेते,
बाकी सगळी माहिती भरून पाठवण्याची कामं.

तर, बावीस वजा सात.
दोनातून सात जात नाहीत.
शेजारी जायचं, दशकाच्या दारात उभं राहायचं,
एक दशक उसना मागायचा.
स्वरांगी तांडेल पेन्सिलीचं टोक चावत होती.
बाई, मग तो परत कधी द्यायचा?
आमची आई वाटीभर साखर आणली
तरी शनिवारच्या आत देऊन टाकते,
आणलेली सपाट, दिलेली शिगोशीग.

डी.एड.ला हा प्रश्न नव्हता.
म्हटलं, वजाबाकीत परत देत नाहीत गं.
ती म्हणाली, मग ते उसनं कसलं?
मी खडू खाली ठेवला. घंटा झाली, वाचले.

जूनमध्ये पट पस्तीस होता, दिवाळीनंतर एकतीस.
मागची चाळ पाडायला काढली,
चार घरं भाडं परवडेल तिथं गेली,
कुणी नालासोपारा, कुणी त्याच्याही पुढे.
हजेरीत चार आडव्या रेघा, लाल शाईच्या.
हे उदाहरण मी कधी फळ्यावर घेतलं नाही.

शुक्रवारी म्हटलं, आज तुम्ही गणितं बनवा, मी सोडवते.
वडापाव आले, बांगडे आले,
बहिणीने लपवलेली चॉकलेटं आली.
ऋग्वेदने खाडीवरचे रोहित पक्षी आणले:
शंभर होते, कुत्रा भुंकला, उरले किती?
मी नव्वद म्हटलं. तो हसला. शून्य, बाई.
पक्षी असे थोडे थोडे उडतात का?

स्वरांगीची वही सगळ्यात शेवटी:
'आमच्या वर्गातून चार मुलं गेली.
तर ती जिथे गेली तिथे आता एकूण किती?'

माहिती अपुरी, असा शेरा लिहायला पेन टेकवलं.
तर खाली तिने मांडणी करून ठेवलेली.
मधे अधिकचं चिन्ह.
डावीकडे मोकळी जागा, बरीच मोठी.
उजवीकडे आकडा नाहीच,
एकाखाली एक, समासाबाहेर जाणारी:
चिन्मयी, अरबाज, धनश्री, पिंट्या.