तीन इंच

पिवळे टी-शर्ट मिळाले, पाठीवर कंपनीचं नाव,
डोक्यावर हेल्मेट, हातात मोजे.
मानखुर्दला, मंडाळ्याच्या त्या गल्लीत आम्ही नऊजण
एकामागून एक तिरके होत शिरलो.
तिप्पण्णा गवंडी बिडी विझवत म्हणाला,
"मोजे काढा. विटेला हात कळला पाहिजे."

मी एकवीस वर्षं विम्याच्या क्लेम विभागात.
पडलेल्या भिंतींच्या फायली माझ्याकडे येतात;
उभी राहणारी भिंत मी पाहिली नव्हती.

जोतं आधीच तयार होतं. पहिले दोन दिवस नुसती वाळू चाळली.
चाळणीवर राहिले शिंपले, बांगडीचा तुकडा,
एक दुधाचा दात, किंवा खडा असेल.
विटा पिंपात बुडवायच्या,
बुडबुडे थांबेपर्यंत थांबायचं.
"तहानलेली वीट मालातलं पाणी पिते,
मग भिंत धरत नाही,"
एवढंच तो सांगायचा. बाकी बघून घ्यायचं.

बुधवारी मला थापी दिली.
तीन थर लावले मी. जेवणानंतर
त्यानं ओळंबा सोडला, माझ्याकडे पाहिलं नाही,
पायानं हलकेच ढकललं.
माल ओला होता. भिंत आवाज न करता बसली.
विटा धुऊन त्यानं पुन्हा रचल्या,
तिसऱ्या थराला माझी एक वीट ठेवली.
कुठली, ते आता ओळखू येत नाही.
पगार मात्र मला त्याच्या पाचपट.

जैतुनबी नदाफ समोरच्या पत्र्याखाली
साडीला टिकल्या लावत बसायच्या,
आणि मोजत असायच्या: टिकल्या, थर, आम्ही प्यालेले चहा.
गुरुवारी पहिल्यांदा उठून आल्या.
चौकटीच्या जागेत हात पसरून उभ्या राहिल्या.
"दरवाजा किती?"
"अडीच फूट, आपा. नकाशात आहे तसा."
"तीन इंच वाढवा."

कोरगावकर मॅडमनी नकाशा उघडला.
पंचेचाळीस घरं, एकच माप,
दारं वसईहून तयार येणार.
एकीला वाढवलं की सगळ्या मागतील.

जैतुनबी सुईत दोरा ओवत बोलल्या,
आवाज न चढवता, सोलापूरकडच्या मराठीत:
"जुन्या घरातनं ह्यांना उभं करून न्यावं लागलं.
बाज निघंना. दोघांनी काखेत धरलं,
उरुसात दमलेल्या माणसाला धरतात तसं.
मान माझ्याकडं वळल्याली.
शेजारची पोरगी म्हणाली,
चाचा बरे झाले का?"

मॅडम नकाशाची घडी घालत राहिल्या, घातलेलीच.
मग म्हणाल्या, मला पलीकडच्या साइटवर जायचंय,
चारपर्यंत येत नाही.

तिप्पण्णानं दोरी सोडली. दुसरं टोक मी धरलं.

शुक्रवारी हातगाडीवरून दार आलं,
कुर्ल्याच्या भंगारातून,
कुठल्याशा पाडलेल्या सोसायटीचं,
हिरवं, वर पितळी २०४.
दारावरच्या काचेच्या डोळ्यातून बघायला
जैतुनबींना पाट घ्यावा लागेल.
त्यांनी आकडा पदरानं पुसला.
काढू का, विचारलं, तर म्हणाल्या, राहू दे,
टपालवाला घाबरून तरी थांबेल.

शनिवारी पत्रे चढले.
रजिस्टर माझ्याकडे होतं.
मी लिहिलं, "दरवाजा: नकाशाप्रमाणे."
एकवीस वर्षं लोकांचे खोटे आकडे पकडले,
हा माझा.
मॅडमनी न वाचता सही केली,
किंवा वाचून.
रुंद दारामुळे सात विटा आणि एक अद्धा उरला.
त्यांची पायरी झाली, जरा डगमगती,
कारण ती मी लावली,
आणि तिप्पण्णा तोवर पुढच्या घरी गेला होता.

रविवारी बोटं मिटेनात.
चहाचा कप दोन्ही हातांनी धरला.
मग चौदाव्या मजल्यावरून खाली आलो,
वॉचमनला विचारलं, लिफ्टमध्ये
माणूस आडवा मावतो का?
तो म्हणाला, "सर, सामानाची लिफ्ट मागच्या बाजूला.
फक्त आधी सेक्रेटरीची चिठ्ठी लागते."